छपरावर कुणाचा वाढदिवस?

मलकापुरात वाढदिवसांना तोटा नाही. हायवेच्या सर्व्हिस रोडवरून आगाशिवनगरकडं वळेपर्यंत दोन-चार तरी भावी नेते हात जोडून आपल्याकडं बघत असतात. वाढदिवस एका दिवसात उरकतो. फ्लेक्स मात्र उन्हापावसाला दाद देत नाही. त्याचा हा टिकाऊपणा सर्वांत आधी ओळखला तो कोयनेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्यांनी.

आमच्या शेजारच्या तात्यांची खोप याच कापडाची आहे. मांडववाल्यानं टाकलेले बांबू, बांधायला ठिबकची फाटकी नळी, मागच्या अंगाला उसाचं पाचट आणि वर छपराला एक ‘कार्यसम्राट’. पाणी आत येऊ नये म्हणून फ्लेक्स उलटा टाकलाय, त्यामुळं आत पाठ टेकून वर बघितलं की साहेबांचं हास्य थेट तोंडावर. खुर्ची तीन पायांची, चौथ्या पायाला वीट. तंगुसाला तरंगायला स्लिपरचा कापलेला तुकडा. काठीच्या शेंड्याला घुंगरू. ते पूर्वी बेंदराला बैलाच्या गळ्यात असायचं. बैल गेला, ट्रॅक्टर आला, घुंगरू बेकार झालं. आता चिलापीनं गळ ओढला की ते वाजतं आणि तात्यांची झोप मोडते. तात्यांना हे फारसं आवडत नाही.

झोपायचंच तर घरी का नाही? तर अडचण अशी की मलकापूर हे चोवीस तास नळाला पाणी देणारं गाव म्हणून गाजलं. लांबलांबची माणसं ही योजना बघून गेली. पण ‘पाण्यावर जाऊन येतो’ म्हणून पुरुषमाणसाला घराबाहेर पडायची जी सोय होती, ती या योजनेनं कायमची बुडाली, याची नोंद कुठल्याच पाहणीत नाही. उरले मासे.

तात्यांचा पुतण्या अमेरिकेत मिनेसोटाला असतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर तिथली खोपटी दाखवली. थंडीत तळं गोठतं, लोक त्यावर खोपटं ओढत नेतात, बर्फाला गोल भोक पाडतात आणि आत शेगडी पेटवून भोकात गळ सोडून बसतात. कुणी फळकुटांचं बांधतो, तर कुणाच्या खोपट्यात पलंग आणि टीव्हीसुद्धा.

“बर्फ मोडत न्हाय व्हय रं?”

“चार इंच झाला की माणूस चालतो, तात्या. फुटाच्या आसपास गेला की गाडीबी नेतात.”

“चार इंच? अरं, आपला स्लॅबबी चारच इंचाचा हाय, आन् त्यावर दोन टाक्या हायेत!”

बर्फाचा प्रश्न मिटला. पुतण्यानं मग तिथला नियम सांगितला: रात्रभर बर्फावर ठेवायच्या खोपट्यावर मालकाची ओळख बाहेरून दिसेल अशी लिहावी लागते. तात्यांनी मान वर करून आपलं छप्पर बघितलं. तिथं साहेब होते, साहेबांचे साहेब होते, खाली पासपोर्ट साइजमध्ये तीसेक शुभेच्छुक होते. मालक सोडून सगळ्यांची नावं होती. उद्या कुणी खोप पाडायला आलंच, तर आधी या सगळ्यांची परवानगी काढावी लागेल. माझ्या मते असलं संरक्षण मिनेसोटात कुठल्याच तळ्यावर नसावं.

मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत ती खोपटी बर्फावरून हलवावी लागतात. आमच्याकडं तारीख कोयना धरण ठरवतं. १०५ टीएमसीचं ते धरण भरत आलं की सहा वक्र दरवाजे उचलतात, आणि ‘नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ हा निरोप पाण्याच्या आधी व्हॉट्सअपवर पोचतो. तात्या खुर्ची, काठी आणि घुंगरू उचलतात. पाचट आणि साहेब नदीला. प्रीतिसंगमावर कृष्णेला लागायचं आणि सरळ सांगली गाठायची. आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी. तिथं सगळी सांगली कठड्याशी उभी राहून पाणी मोजत असताना खालून ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ वाहत गेल्या, तर तो साहेबांचा जिल्ह्याबाहेरचा पहिलाच कार्यक्रम म्हणायचा.

पाणी उतरलं की नवी खोप. बांबू मिळतो, पाचटाला तर या भागात मरण नाही. अडतं ते आचारसंहितेत. निवडणूक लागली की एका रात्रीत सगळे फ्लेक्स उतरतात, आणि काठावरची निम्मी मंडळी उन्हात येते. मी तात्यांना ताडपत्री विकत घ्यायला सुचवलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी बाजारातनं मासे आणायलाच सांगितलं.

“इकत? निकाल लागंस्तवर दम धर की. निवडून येणारा फ्लेक्स लावतोयच. आन् पडणाराबी मतदारांचं आभार मानतोय.”

म्हणून हल्ली प्रभागात कोण कोण उभं राहणार, याची चौकशी तात्या रोज चहाच्या टपरीवर करतात. पक्ष विचारत नाहीत. पाच जण उभे राहिले तर यंदा खोपीला पडवी काढायचा बेत आहे.