सहावी पिशवी

अहो, ऐकलंत का? गुरुजींकडचं ठरलं म्हणे एकदाचं. सोमवारी निघतायत! आणि शेगाव रद्द. रद्द म्हणजे काय, मामींनीच केलं. हो हो, मामींनीच! या, जरा इकडे कुंपणाशी या. तिथे मिरच्या वाळत घातल्यात, ठसका लागेल तुम्हाला.

फेब्रुवारीपासून त्या घरात दुसरा विषय नाही. आरमोरी ते गणपतीपुळे, घरच्या गाडीनं, मुक्काम करत करत. थोरल्यानं ती सात सीटची घेतली तेव्हाच मी यांना म्हटलं होतं, ही गाडी काही वडसा-ब्रह्मपुरीवर थांबायची नाही. आता सीटा सात आणि माणसं आठ, हे तर तुम्हाला माहीतच आहे. धाकटा म्हणाला, मी मागे सामानात बसतो. मामी म्हणाल्या, "सामानात तांदूळ बसते. तू रेल्वेनं ये." बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. चार दिवस गाडी त्यानंच धुतली होती हो.

खरं तर दिवाळीत जायचं होतं. पण दिवाळीला आपल्याकडे घर सोडतं कोण? धान कापणीला आलेलं असतं, मग मंडई, मग नाटकं. भाऊबीज झाली की वडशाच्या कंपन्यांच्या तारखा लागतात आणि आपले गुरुजी थंडीत घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत... २०२३ मध्ये नाटकवाल्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर अशा ऐटीत बोलतात, जणू स्टेजवर शेजारी हेच उभे होते. तर म्हणून मे महिना. आणि मे म्हणजे ब्रह्मपुरीच्या तापमानाचा आकडा रोज टीव्हीवर, तुम्हाला काय सांगायचं!

तर काय सांगत होते... हां, वही. गुरुजींनी दोनशे पानी वही केली आहे. मी काही मुद्दाम पाहिली नाही. साखर मागायला गेले होते, टेबलावर उघडीच होती. पट्टीनं रेघा मारलेल्या. गाव, किलोमीटर, चहा, जेवण, आणि शेवटचा रकाना, लघुशंका! मला तर हसू आवरेना. सूनबाई मागून कुजबुजली, "काकू, त्यात माझ्यासाठी नागभीड आणि उमरेड अशा दोनच जागा आहेत."

नागभीडला थांबायचं आणखी एक कारण आहे. नातवाला एचएमटी तांदळाची गोष्ट सांगायची आहे गुरुजींना. त्या तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी आपल्या तुकड्यातली वेगळी लोंब निवडून निवडून ते वाण केलं नं, आणि तेव्हा घड्याळाचं नाव चालत होतं म्हणून तांदळालाही तेच पडलं. नातू म्हणतो, "पण आजोबा, नांदेड तर परत येताना आहे वहीत." आता त्या पोट्ट्याला कोण समजावणार की एक नांदेड आपलं आणि एक मराठवाड्याचं! गुरुजींनी त्या दिवशी अर्धा तास शिकवणी घेतली. पोरगं जेवायचं राहिलं.

रस्त्यावरून मात्र दोन तट पडले. थोरल्याचं समृद्धी, समृद्धी, समृद्धी. नागपूरला चढलं की थेट. ५ जून २०२५ पासून मुंबईकडच्या आमण्यापर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला, ताशी १२० ची मुभा, मध्ये बैल नाही, बकरी नाही, दुचाकी नाही. मामींचं शेगाव. नागपूर, अमरावती, अकोला, शेगाव. महाराजांच्या पायावर डोकं ठेवायचं, भक्तनिवासात झोपायचं, पहाटे पुढे. थोरला म्हणाला, "आई, तो रस्ता जुना." त्यावर गुरुजी काय म्हणाले माहीत आहे? "जुना कसा? अमरावती-अकोल्याचे ७५ किलोमीटर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी केले, गिनीज बुकात नाव आहे." मिनिटांसकट! थोरला गप्पच.

मग तो पासाची फुशारकी मारायला लागला. वर्षाचा फास्टॅगचा पास, २०० फेऱ्या, आता टोलचं नावच नको. अख्ख्या आळीला सांगितलं. आमच्या यांनाही सांगितलं, "काका, तुम्ही पण काढून टाका." आणि मग सूनबाईनं मोबाईलवर वाचून दाखवलं की तो पास राष्ट्रीय महामार्गांचा, समृद्धीला चालतच नाही! समृद्धीला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे वेगळे मोजायचे. अहो, मी तिथेच होते. थोरल्याचा चेहरा असा उतरला... आणि सूनबाई मोबाईल खाली ठेवून शांतपणे भेंडी चिरायला लागली. मला ती पोरगी त्या दिवसापासून आवडते.

तिचाही स्वार्थ आहेच म्हणा. तिचं माहेर यवतमाळचं. जाताना कुठूनही जा म्हणते, पण येताना पंढरपूर, तुळजापूर, लातूर, नांदेड करून यवतमाळवरूनच वर यायचं. रत्नागिरी-नागपूर रस्ताच आहे तो, आडवाट नाही काही. पण मामींना विचारलं की त्या म्हणायच्या, "पाहू." तुम्हाला माहीत आहे नं मामींचं 'पाहू' काय असतं ते! प्रवासाला जाणं म्हणजे रस्ता ठरवणं थोडंच आहे हो? रात्र कोणाच्या दारात काढायची ते ठरवणं. मोबाईलमधली बाई म्हणते डावीकडे वळा. डावीकडे कोणाची आत्या राहते आणि तिच्या पोरीच्या लग्नात काय झालं होतं, हे तिला कुठे ठाऊक!

समुद्राचं तर राहिलंच सांगायचं. मामींनी समुद्र पाहिला नाही अजून. अडुसष्ट वर्षं झाली, सगळी वैनगंगेच्या काठावर. नातू म्हणाला, आजी, तिथे सूर्य पाण्यात बुडतो. तर म्हणतात, "आपली वैनगंगा जाते उगवतीच्या समुद्रात आन् तुमी मले नेता मावळतीच्या समुद्राले. काऊन?" गुरुजी वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "ती आधी वर्धेला भेटते, मग प्राणहिता होते, मग गोदावरीत जाते, मग समुद्रात. तुला एवढा दम नाही." सगळे हसले. मामी पण हसल्या बरं का, पण पदर तोंडाला लावून.

निघायची वेळ कोणती, यावर दोन दिवस गेले. थोरला म्हणतो पहाटे ४. मामी म्हणाल्या, ब्रह्मपुरीच्या जंगलातून अंधारात गाडी नाही न्यायची, वाघ आडवा आला तर तू उतरून त्याला पास दाखवशील का? धाकटा म्हणे, वाघाचं सोडा, २०२१ पासून हत्ती आलेत जिल्ह्यात. शेवटी ६ ठरले. आणि रात्री ८ नंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे गुरुजींचं. त्यात कोणी काही बोललं नाही. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळाली, २५ माणसं गेली... तो विषय निघाला की घर गप्प होतं. त्या रस्त्याला वळण नाही, खड्डा नाही, जागं ठेवणारं काहीच नाही, डोळे कधी लागतात कळत नाही म्हणतात. आणि मेच्या दुपारी ते सिमेंट असं तापतं की टायरचं काही खरं नाही. म्हणून दुपार नागपूरला चुलत दिराकडे काढायची, टायरची हवा पाहून ४ ला पुढे निघायचं. एवढं सगळं शहाण्यासारखं ठरलं.

तर आता ऐका. मागच्या गुरुवारी. मी ब्लाउज द्यायला गेले होते. सगळे ओसरीत बसलेले, पुढे कलिंगड कापलेलं. गुरुजींनी वाचायला सुरुवात केली, "दिवस पहिला, मुक्काम शेगाव." आणि मामी म्हणाल्या, "शेगाव राहू द्या."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"पोट्टा म्हणते तर समृद्धीनंच जाऊ," म्हणाल्या. "महाराज काय, घरी बसूनही पाहतात." थोरला आईकडे असा बघतो, जणू ताप आहे की काय हिला. दोन महिने भांडला ज्यासाठी, ते हातात आलं, तर त्याला आनंदच होईना! सूनबाईनं हळूच विचारलं, "मग पहिली रात्र कुठे?" धाकटा, ज्याला गाडीत जागाच नाही, तो म्हणतो, संभाजीनगर, मस्त हॉटेल पाहू, सकाळी वेरूळ. आणि मामी कलिंगडाच्या बिया काढता काढता म्हणाल्या, "तिथवर अंधार होते नं. आठ वाजता जिथं असन तिथं थांबा. मंग जालना का असेना."

जालना! अहो, गुरुजींचं पेन थांबलं. मी पाहिलं. टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि वहीत लिहिलं काहीच नाही. बाकीच्यांच्या काही लक्षात आलं नाही, ते वेरूळच्या गप्पांत. पण तुम्ही नव्या आहात या आळीत, म्हणून सांगते. जालन्यात मामींची धाकटी बहीण असते.

एकोणीस वर्षं बोलणं नाही. आईच्या पाटल्यांवरून. म्हातारीचं शेवटचं सगळं मामींनी केलं, दोन वर्षं अंथरुणात होती हो, इथेच, त्या मधल्या खोलीत. जाताना पाटल्या मामींच्या हातात घातल्या. तेराव्याला धाकटी म्हणाली, एक तुझी एक माझी करू. मामी म्हणाल्या, जोड मोडत नसतात. बस, एवढंच वाक्य. धाकटी त्याच एसटीनं परत गेली. पोरीच्या लग्नाची पत्रिकाही पोस्टानं आली, तीसुद्धा गुरुजींच्या नावानं. मामींच्या हातात पाटल्या तेव्हापासून, डाव्यात एक, उजव्यात एक. भांडी घासतानाही काढत नाहीत.

आता पाहा, शेगावला मुक्काम केला असता तर जालना दुसऱ्या दिवशी लागलं असतं, दहा-अकराला, भर उजेडात. गाडीतून हात दाखवला की संपलं. पण समृद्धीनं, दुपारी नागपूरला थांबून, ४ ला निघून... संध्याकाळ होते ती जालन्यातच. आणि रात्री आठला दारात उभ्या राहिलेल्या बहिणीला कोण म्हणेल, जा म्हणून? दोन महिने ही बाई शेगाव-शेगाव करत होती, की नुसता हिशेब करत होती? मला तर आता वाटतं, ते दुपारी थांबायचंही मामींनीच गुरुजींच्या तोंडून...

असो. आपल्याला काय करायचंय!

पण तांदळाचं सांगते, मग तुम्ही जा, तुमचं दूध उतू जाईल. जिथे जाऊ तिथे तांदूळ द्यायचा, हे तर आपल्याकडचं आहेच. लोक म्हणतात हॉटेलचे पैसे वाचले. वाचले कुठे, पाच-पाच किलो मोजून दिले! मामींनी मांजरपाटाच्या पिशव्या माझ्याकडेच शिवायला टाकल्या. पाच. गुरुजींनी बॉलपेननं गावं घातली, अक्षर काय सुंदर आहे हो त्यांचं अजून. नागपूर. पुणे, तिथे भाचा आहे. कोल्हापूर, डीएडचे मित्र. पंढरपूर, ती देवाची. आणि यवतमाळ! हो, मी विचारलंच नव्हतं, सूनबाईनं स्वतः येऊन सांगितलं. "काकू, पाचवीवर माझं गाव आहे." मामींचं 'पाहू' पिकलं शेवटी. पोरीनं त्या दिवशी मला आंब्याचं लोणचं आणून दिलं, पहिल्या बरणीतलं.

शनिवारी दुपारी, सगळे झोपलेले, मामी कुंपणाशी आल्या. इथेच, तुम्ही उभ्या आहात तिथे. हातात मांजरपाटाचा तुकडा. "आणखी एक शिवून देशील का?" दिली की. मी विचारलं, गाव कोणतं? म्हणाल्या, "नाव नोको." आणि मग म्हणाल्या, तळाला दुहेरी कापड घाल, आणि मध्ये एका बाजूला चार बोटं शिवू नको, ती टीप मी घरी हातानं घालीन. आता तांदळाच्या पिशवीला चोरकप्पा कशाला लागतो, सांगा तुम्हीच. मी काही बोलले नाही. मशीन चालवली, दिली.

आज सकाळी नळावर होत्या. हंडा उचलताना पदर सरकला. उजव्या हातात पाटली होती. डाव्यात नुसत्या काचेच्या बांगड्या.