कानात न डोकावणाऱ्या डॉक्टरसाहेबांना खुले पत्र

परमपूज्य डॉक्टरसाहेब,
मुर्धा गावाहून सा. न. वि. वि.

आपल्या वेगाला आमचा दंडवत. आमच्या काकांनी "उजवा कान..." एवढे म्हणेपर्यंत आपली चिठ्ठी तयार होती : "मळ आहे, थेंब घाला." कानात उजेड पाडण्याची तसदीही आपण घेतली नाहीत. केवढी ही काटकसर!

थेंबांनी गुण येईना, तेव्हा आपण उदार मनाने पिचकारी मारलीत. पाणी आत गेले आणि तिथेच राहिले. कान वाहू लागला. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न काकांना उजवीकडून ऐकू येईना. उत्तनच्या रस्त्यावर इतकी शांतता कुणाला लाभते? आम्ही ऋणी आहोत.

पुढे "मळ घट्ट बसलाय" म्हणून आपण आकडा घातलात. रक्त आले. कानाच्या आतल्या भागात हाडावर कागदासारखी पातळ कातडी असते, हे शिक्षण फुकट मिळाले.

"समुद्राचं पाणी गेलं असेल," हे आपले निदानही जपून ठेवले आहे. थंड समुद्रात वर्षानुवर्षे पोहणाऱ्यांच्या दोन्ही कानांत रुंद बुडाचे हाडाचे उंचवटे वाढतात, त्यांना एक्झोस्टोसिस म्हणतात. आपला अरबी समुद्र कोमट. काकांच्या कानात निघाला ऑस्टिओमा : एकाच बाजूला, देठावर उभी असलेली हाडाची एकच गाठ. कर्करोग नव्हे. तिच्यामागे मळ आणि पाणी अडकत होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिले, सळईने हळूच टेकून पाहिले, टणक लागली. सीटी स्कॅनमध्ये देठ कुठून निघाला तेही दिसले.

अशी गाठ त्रास देत नसेल तर तिला कुणी हात लावत नाही. काकांचा कान सारखा पिकत होता, म्हणून भूल देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली, पडद्याला धक्का न लावता ती देठापासून काढली. तिथे पुढे जबड्याचा सांधा आणि मागे चेहरा हलवणारी नस असते. त्याच वाटेवर आपला आकडा अंधारात फिरत होता, साहेब. याचा आम्हाला संताप आहे, आणि तो लपवायचा नाही.

आपल्या खणात कानात बघायचा ऑटोस्कोप पडून आहे. कृपा करून त्यात सेल घाला.

आणि वाचकहो, कान न बघता कुणी थेंब लिहून दिले तर खुर्चीवरून उठू नका. "आधी आत बघा," एवढे म्हणाच.

आपला कृपाभिलाषी,
एक पुतण्या