नारळ आपला, यंत्र त्यांचं

वैद्यकीय उपकरणांत देश स्वावलंबी व्हावा म्हणून एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. जागतिक बाजारातला आपला वाटा दीड टक्क्याच्या आसपास. तो २५ वर्षांत १०-१२ टक्क्यांवर न्यायचा. त्यासाठी उपकरणांची ‘पार्क’ही आहेत. पार्क म्हटलं की आधी फाटक, मग कोनशिला. यंत्रं काय, येतील सवडीने.

उपकरण खरं कसं घडतं? तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने हृदयाची देशी झडप करायला घेतली, तेव्हा तीन नमुने फसले. उस्तवार करत करत चौथा जमला आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसला. या सगळ्यात दशकभराहून जास्त काळ गेला. आता सांगा, तिसऱ्या अपयशाची फीत कुठल्या मंत्र्याने कापायची? आणि बातमीला फोटो कसला लावायचा, तुटलेल्या झडपेचा?

त्यापेक्षा उपकरण-उद्योगाचं संमेलन बरं. लेसरचा झगमगाट, बॅगेत पेनड्राइव्ह, करारांवर सह्या (त्यांचं पुढे काय होतं, हे विचारणं असभ्यपणाचं).

परवा एका रुग्णालयात नव्या स्कॅनरची पूजा पाहिली. हार, कुंकू, सगळं यथासांग. यंत्र जर्मन, सुटे भाग जर्मन, दुरुस्तीवाल्याची वाट पाहणंही बहुधा जर्मन वेळेनुसार. नारळ तेवढा अस्सल कोकणातला.