मामांची चौथी वायर

व्याघ्रप्रकल्पाच्या मोहर्ली गेटावर पहाटे जिप्सींची रांग लागते आणि जो तो विचारतो, ‘काल वाघ दिसला का?’ आमचे मामा तेवढे वेगळे. नव्या रिसॉर्टात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘अर्थिंगचा खड्डा कुठी हाय जी?’

मामा मोटर-पंपांचे वायरमन. स्वभावाने गरीब, पण बिनअर्थिंगची मोटर दिसली की त्यांचा पारा मे महिन्यातल्या चंद्रपूरलाही मागे टाकतो. टेस्टर लावून झाल्यावरसुद्धा लोखंडी वस्तूला ते आधी हाताची पालथी बाजू लावतात. शॉक बसून बोटं आखडली तर वस्तू मुठीत अडकू नये, म्हणून. फ्रीज, फाटक, कूलर, एकदा तर व्याह्यांची नवी मोटरसायकलसुद्धा!

मॅनेजर वैतागतात. ‘मामा, मोटर चालतेय ना?’

‘मोटर चालाले तीन वायर लागते, साहेब. माणूस वाचाले चौथी.’

चौथी मान्य झाली की मामा पाचवी काढतात. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग हव्यात, हे १९५६च्या वीज नियमांतच होतं. ‘एक तुटली तं? मायबापबी दोन असतेत ना जी!’ मग स्टार्टरच्या पेटीची पाळी. रंग खरवडून पत्रा चकाकेपर्यंत मामा नट आवळत नाहीत. बॉडी न्यूट्रललाच जोडून मोकळी होणारी पोरं त्यांच्या घरी चहाला मुकतात.

खड्ड्यात पाइप, भोवती कोळसा-मिठाचे थर. कोळशाला या जिल्ह्यात तोटा नाही; मीठ मात्र रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातून जातं आणि त्या दिवशीची आमटी अळणी होते. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर पडते, म्हणून मामा खड्ड्यात बादली ओततात. समोर इरई धरण; त्याच्याच पाण्यावर चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र चालतं. ‘वीज बनवाले धरण लागते, अन् तिले मुरवाले बादलीभर पाणी देववत नाई?’

एका पाहुणीने कौतुकाने विचारलं, ‘कुठलं झाड लावलंय, काका?’

‘झाड नाई, ताई. नुसती मुळी हाय.’

पहिल्या पावसात एका रिसॉर्टातून संतापून फोन आला. ‘तुमच्या अर्थिंगनं मोटर बंद पाडली! पाहुणे अंगाला साबण लावून उभे आहेत!’

मामांनी मेन बंद करून पेटी उघडली. फेजची वायर निसटून पत्र्याला टेकली होती. करंट खड्ड्यात उतरला आणि फ्यूज उडाला. अर्थिंग नसती तर ती पेटी मुकाट्याने हात लावणाऱ्याची वाट बघत राहिली असती. रोज मोटर लावणारा स्वयंपाकघरातला पोऱ्या शेजारीच टॉर्च धरून उभा होता, ओल्या हातांचा, अनवाणी.

मामांनी त्याच्या पायांकडे पाहिलं.

‘साबण वाळू द्या, साहेब,’ ते म्हणाले. मग पोऱ्याकडे वळले, ‘अन् तू गा, चप्पल घाल आंधी. मंग दोन किलो मीठ आण.’