निशाणी डाव्या हाताचा अंगठा

वडीलधाऱ्या माणसाला संगणक शिकविण्याची संधी ज्यास लाभते, त्याने आपल्या पूर्वपुण्याईचे आभार मानावेत. कारण ज्यांनी लहानपणी आपल्याकडून पावकी-निमकी घोकवून घेतली, चुकल्यास कान पिळला, आणि पुढे आपल्या प्रत्येक पराक्रमावर ‘ठीक आहे’ एवढाच शेरा मारला, त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि अत्यंत सौम्य, अत्यंत क्षमाशील स्वरात ‘असं नाही हो, मामा’ असे म्हणावे, यासारखे निर्भेळ सुख मला तरी दुसरे ठाऊक नाही. हा स्वर मी घरी थोडा घटवूनही गेलो होतो. सौम्यता जराशी कमी पडली तर तिच्याखालचा सूड दिसण्याचा संभव असतो.

मामा महसूल खात्यातले. सिन्नर तालुक्यात तलाठी म्हणून चाकरीस लागले आणि मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाले. म्हणजे ज्या काळी खेड्यातल्या माणसाच्या लेखी सरकार हे तलाठ्याच्या काखेतल्या दप्तराएवढेच असे, त्या काळचे ते सरकार होत. हे सरकार आता नाशिकच्या आपल्या बैठकीच्या खोलीत, पुण्याच्या चिरंजीवांनी धाडलेल्या संगणकापुढे चष्मा कपाळावर चढवून बसले होते, आणि त्यास शहाणे करण्याची कामगिरी भाच्यावर सोपविण्यात आली होती.

निमित्त हयातीच्या दाखल्याचे. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाने आपण जिवंत असल्याचे सरकारास सप्रमाण कळवावे लागते, हे ज्या घरी पेन्शनर आहे त्या घरास सांगावयास नको. (2025 साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, तेव्हा आता जमिनीसही हा जाच सुरू झाला म्हणून मामांना केवढे समाधान वाटले!) पूर्वी बँकेत जाऊन यादीतल्या आपल्या नावासमोर सही ठोकली की पुढील वर्षभर जगण्यास कोणाची हरकत नसे. 2014 च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ निघाले, सहीच्या जोडीला अंगठ्याची सोय झाली, आणि पुढे सर्व सोयींचे होते तसेच तिचेही झाले: ती न वापरणारा मनुष्य आडमुठा ठरू लागला.

‘मी अंगठा देऊ?’ हा प्रश्न मामांनी ज्या स्वरात विचारला, तो ऐकून मला एकदम त्यांच्या दप्तराची आठवण झाली. उभ्या नोकरीत मामांनी असंख्य जबाबांवर आणि पंचनाम्यांवर लोकांचे अंगठे घेतले, आणि प्रत्येक निळ्या ठशाशेजारी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असे लिहून त्या मनुष्याचे नाव घातले. त्यांच्या मते मनुष्यजातीत खरे वर्ण दोनच, सही करणारे आणि अंगठा देणारे. आणि दुसऱ्या वर्णातल्या कित्येकांना चावडीच्या ओट्यावर पाटीवर नाव गिरवायला लावून त्यांनी पहिल्या वर्णात आणले होते. त्या मामांनी, वयाच्या ऐंशीनंतर, लफ्फेदार सही जवळ असताना अंगठा द्यावयाचा! तरीही, माझ्या भिडेखातर, एका सेवा केंद्रात जाऊन त्यांनी तो दिला. यंत्राने नाकारला. पुसून दिला, क्रीम लावून दिला, उजव्याऐवजी डावा दिला. यंत्र आपल्या मतास चिकटून राहिले. यंत्रापुढे बसलेली मुलगी फार अदबीने म्हणाली, ‘आजोबा, रेषा झिजल्यात तुमच्या.’

यंत्राचा हा न्याय मला अजून पचलेला नाही. कांद्याच्या वाफ्यात जन्मभर खुरपणी केलेल्या बाईची, धुणीभांडी करणारणीची, विटा वाहणाऱ्याची बोटे अशीच गुळगुळीत होतात, आणि धान्याच्या दुकानापासून पेन्शनीपर्यंत प्रत्येक खिडकीशी ‘जुळत नाही’ हे शब्द ऐकून परततात. ज्याने हात झिजविले त्याची ओळख पटू नये, आणि ज्याने ते खिशात घालून आयुष्य काढले त्याची, म्हणजे माझी, पहिल्याच खेपेस पटावी, ही कोणती पारख? परतताना रिक्षात मामा एक अक्षर बोलले नाहीत. माझा सौम्य स्वरही त्या दिवशी कामास आला नाही.

पुढे, 2021 साली, चेहरा पाहून हयाती ठरविण्याची युक्ती निघाली. मोबाईल तोंडासमोर धरावा, डोळे मिचकावावेत, की सरकारची खात्री पटते. मामांना हा प्रकार पोरकट वाटला. परंतु मामी आतून म्हणाल्या, ‘जन्मभर लोकांकडे डोळे वटारलेत, आता एकदा मिचकावून बघा.’ मिचकावले, आणि मामा तत्काळ जिवंत ठरले. संगणकाचे प्रयोजन अशा रीतीने संपुष्टात आले. पण आणलाच आहे तर शिकून ठेवू, असा हुकूम झाला आणि माझी शिकवणी सुरू राहिली.

कागद ठेवण्यासाठी फोल्डर कसा करावा हे मी दाखविले. ‘असे हवे तितके करता येतात,’ मी औदार्याने म्हणालो.

‘हवे तितके कसे?’ मामा म्हणाले. ‘सहा.’

येथे वाचकांची परवानगी घेऊन मला सहा गठ्ठे पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहिलेच पाहिजे. आणि परवानगी न मिळाल्यासही मी लिहिणार आहे, कारण हा विषय माझ्या हृदयात जाऊन बसला आहे. महसुली कारकुनाच्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात जातो. ज्यावर आपण काही करावयाचे आहे तो प्रलंबित. ज्यावर आपण करून चुकलो पण दुसऱ्याकडून उत्तर यावयाचे आहे तो प्रतीक्षेतला. ठरल्या मुदतीला वर पाठवावयाची ती नियतकालिके. पुन्हा पुन्हा लागणारे ते स्थायी आदेश. निकाली निघून अभिलेख कक्षात जावयाचा तो पाचवा. आणि नष्ट करावयाचा तो शेवटचा. बस्स. सातवा प्रकार जगात नाही. शिवाय निकाली कागद किती काळ जपावा याचेही वर्ग आहेत: ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षे, ‘क-1’ 10 वर्षे, ‘क’ 5 वर्षे आणि ‘ड’ एक वर्ष. वेदान्त मी थोडासा वाचला आहे. परंतु काय आपल्या हाती आहे, काय दुसऱ्याच्या हाती आहे, आणि काय सोडून द्यावे, याचा इतका स्वच्छ निवाडा मला तेथेही आढळला नाही. मनुष्याची निम्मी दुःखे प्रतीक्षेतला कागद प्रलंबितात ठेवल्याने उद्भवतात, असे माझे मत होत चालले आहे. उरलेली निम्मी शेवटचा गठ्ठा न जाळल्याने.

मामांनी पडद्यावर सहा फोल्डर मांडले, आणि मग स्वाभाविकच गुरुजींचा संगणक पाहण्याची इच्छा प्रकट केली. माझ्याकडे ‘इतर’ नावाचा एक फोल्डर होता आणि त्याच्या पोटात आणखी एक ‘इतर’ होता. मामांनी काही टीका केली नाही. तहसील कचेरीच्या तपासणीस आलेला साहेब जसा मुकाट्याने टिपणे काढतो तशी काढली. दुसऱ्या दिवशी माझे आजवरचे सर्व लेख त्यांनी वाचून, वर्गवारी करून परत दिले. बहुतेक ‘ड’ वर्गात होते. एक तेवढा ‘क’ मध्ये, पाच वर्षे जपण्याजोगा. त्यात मामींच्या पुरणपोळीचे वर्णन आहे.

मराठी टंकलेखनाचा प्रसंगही फारसा निराळा नव्हता. मी स्वतः मराठी रोमन अक्षरांतून लिहितो आणि यंत्र त्याचे देवनागरी करून देते. मामांना हे परधार्जिणे वाटले. 1986 पासून चालत आलेला इनस्क्रिप्टचा कळफलक त्यांनी शोधून काढला; स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या, क आणि ख एकाच कळीवर, ही मांडणी पाहून ‘हे कोणीतरी विचार करून केलंय’ असा, त्यांच्या तोंडून दुर्मीळ असलेला, अभिप्राय दिला, आणि ते दोन बोटांनी लिहू लागले. मी चहा प्यालो.

त्यानंतर ते माझ्याविना पुढे गेले. भूमी अभिलेख खात्याने जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत, हे त्यांना कोठूनसे कळले, आणि एका दुपारी मला तातडीचे बोलावणे आले. पडद्यावर 1972 च्या दुष्काळातल्या तगाईच्या बोजाची एक नोंद उघडलेली होती. अक्षर ओळखावे लागले नाही. आता मामांचा कंठ दाटून येईल आणि आपल्याला पाठीवर हात ठेवावा लागेल, या तयारीने मी उभा राहिलो.

‘आदेशाचा दिनांक लिहायचा राहिलाय,’ मामा म्हणाले. ‘आणि सर्कलनं तशीच मंजूर केलीय!’

‘मामा, बोजा कधीच फिटला असेल. तो शेतकरी, तो सर्कल, कोणीच आता...’

‘नोंद आहे ना?’

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 155, लेखनप्रमादाची दुरुस्ती. अर्जाचा मसुदा टंकून तयार होता. अर्जदाराच्या हुद्द्यापुढे ‘ज्याच्याकडून प्रमाद घडला तो तत्कालीन तलाठी’ असे लिहिले होते, आणि खाली सहीसाठी ऐसपैस जागा सोडली होती. छापून झाल्यावर त्यांनी ती लफ्फेदार सही केली, आणि प्रत प्रतीक्षेतल्या गठ्ठ्यात ठेवायला मला सांगितले.

‘उत्तराला वेळ लागेल हो, मामा,’ मी म्हणालो. स्वर सौम्य होता, पण या वेळी घटविलेला नव्हता.

‘नोव्हेंबरपर्यंत मी हयात असल्याचं सरकारच्या दप्तरी नोंदलेलं आहे,’ मामा म्हणाले. ‘तेवढ्या मुदतीत त्यांनी कळवावं. नाहीतर स्मरणपत्र पाठवायच्या आधी मला पुन्हा डोळे मिचकवावे लागतील.’