एम. टेक. थर्मल

लग्नाच्या पंगतीत ‘सध्या काय करतोस?’ असं कुणी विचारलं की हा उत्तर तीन हप्त्यांत देतो. ‘एम. टेक.’ एवढं ऐकून काका कौतुकानं मान डोलावतात. ‘मेकॅनिकल’ म्हटल्यावर त्यांना आपल्या गाडीचा बंद पडलेला एसी आठवतो. आणि ‘थर्मल’ ऐकलं की ते विचारतात, ‘म्हणजे परळीला की कोराडीला?’ तिथून पुढे हा मुकाट जिलेबी खातो.

बी. ई. झालं त्या वर्षी कॉलेजात एक सॉफ्टवेअर कंपनी आली होती. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल असा कोणताही भेदभाव न करता तिनं निम्मा वर्ग उचलला. हा मात्र ‘आपण कोअरमध्येच जाणार’ म्हणून हॉस्टेलच्या खोलीतच बसून राहिला. मग गेट. तीन तास, पासष्ट प्रश्न, शंभर मार्क; आणि कॅल्क्युलेटर पडद्यावरचा, एकेक आकडा माउसनं टोचायचा. ज्याची बोटं चार वर्षं खऱ्या कॅल्क्युलेटरवर न बघता फिरली त्याच्यावर हा अन्यायच. एनटीपीसी-ओएनजीसीच्या नोकरीला पुरेल इतका स्कोअर काही आला नाही, प्रवेशापुरता आला. हे तो सांगत नाही. तो सांगतो, ‘रिसर्चची आवड होती.’

सरकार त्याला महिन्याला १२,४०० रुपये देतं. त्याचे मित्र हिंजवडीत दर शनिवारी एवढे कुठं खर्च करायचे या विवंचनेत असतात. त्या बदल्यात आठवड्याला आठ तास त्यानं बी. ई.च्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. अकरा वाजता लॅबमध्ये पोरं त्याला ‘सर’ म्हणतात, एक वाजता कँटीनमध्ये तीच पोरं ‘दादा, चहा सांग की’ म्हणतात. दोन्ही हाकांना तो सारख्याच तत्परतेनं ओ देतो.

पण त्याला खरा पाहायचा तर इंजिनाजवळ. भारतातल्या बहुतेक मेकॅनिकलच्या लॅबमध्ये एक कुलदैवत असतं : एका सिलिंडरचं, १५०० आरपीएमचं, बहुतेक वेळा किर्लोस्करचं डिझेल इंजिन. विहिरीवर पाणी उपसायला जन्मलेलं हे यंत्र इथं आजन्म परीक्षा देत उभं असतं. ते डिझेलवर उत्तम चालतं, म्हणूनच त्याला दुसरं काहीतरी पाजायचं, हा प्रबंधाचा विषय. करंज झालं, जेट्रोफा झालं. आमच्या या गृहस्थाच्या वाट्याला तळणीचं वापरलेलं तेल आलं. त्यामुळे सहा महिने तो गेटाबाहेरच्या वडेवाल्याच्या मागं कॅन घेऊन उभा. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालायचा, ढवळायचं, तळाशी बसलेलं ग्लिसरीन काढायचं, धुवायचं, वाळवायचं. मग ऐंशी भाग डिझेलमध्ये हे वीस भाग मिसळायचे. त्याचं नाव बी-ट्वेंटी. इंजिन सुरू झालं की धुराला भज्यांचा वास येतो आणि शेजारच्या मशीन डिझाईनच्या वर्गाचं शिकण्यावरचं लक्ष उडतं.

निष्कर्ष काय येणार हे त्याला, गाईडला आणि बहुधा इंजिनालाही आधीपासून माहीत असतं : कार्यक्षमता किंचित कमी, नायट्रोजन ऑक्साइड किंचित जास्त, धूर कमी. करंजावाल्याचं हेच, जेट्रोफावाल्याचं हेच. पहिल्या प्रकरणात तर १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चाललं होतं, हे वाक्य यावंच लागतं. ते खरं आहे, म्हणून तर साहित्यचोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपुढं त्याची पंचाईत होते. एकच सत्य प्रत्येकानं वेगळ्या शब्दांत कितींदा सांगायचं? या एका वाक्याची उलटापालट करण्यात त्याचं जेवढं भाषाकौशल्य खर्ची पडलं, तेवढ्यात एखाद्याची कादंबरी झाली असती.

इंजिन सुरू करणं ही मात्र त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. ते लॅबमधल्या मामांचं काम. मामा आधी लिव्हर उचलून कॉम्प्रेशन सोडतात, हँडल तीन-चारदा गरगरा फिरवतात, लिव्हर सोडतात, आणि डुगडुगाट सुरू होतो. हा फिरवतो तेव्हा फक्त हाच दमतो. ‘नोझल धरलंय,’ असं मामा नुसत्या आवाजावरून सांगतात; याला ते ग्राफ काढल्यावर चौथ्या दिवशी कळतं. हसू येतं खरं. पण मामांचं ज्ञान मामांबरोबर निवृत्त होणार आणि याचा ग्राफ, चुकलेला का असेना, ग्रंथालयात राहणार, हेही तितकंच खरं.

त्याची लाडकी गोष्ट म्हणजे हीट बॅलन्स शीट. जळणातून निघालेल्या उष्णतेपैकी तीसेक टक्के कामाला येते, काही थंड पाण्याबरोबर जाते, काही धुराबरोबर, आणि जिचा हिशेब लागत नाही ती सगळी शेवटच्या ओळीत : ‘अनअकाउंटेड लॉसेस’. जगातल्या सर्व हिशेबांना अशी एक ओळ असावी, असं त्याचं प्रामाणिक मत झालं आहे. अण्णांनी फोनवर विचारलं, ‘बारा हजारांतले राहतात किती?’ त्यानं मेस सांगितली, खोलीभाडं सांगितलं, झेरॉक्स सांगितलं. उरलेले दोन हजार त्यानं त्या ओळीत टाकले. अण्णा म्हणाले, ‘सिगरेट ओढतोस का रे?’

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांनी पानं चाळली, नेमके त्याच तक्त्यावर थांबले आणि म्हणाले, ‘अनअकाउंटेड छत्तीस टक्के? एवढी उष्णता गेली कुठं?’

‘रेडिएशन, सर.’

परीक्षक त्याच्याकडे बघत राहिले. एवढ्या रेडिएशननं लॅबमधले पंखे वितळले असते, हे त्यांना कळत होतं. पण बहुधा आपल्या परीक्षेत त्यांनीही हेच उत्तर दिलं असावं. त्यांनी सही केली आणि गाईडना विचारलं, ‘जेवण इथंच आहे ना?’

आता तो एका खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर थर्मोडायनॅमिक्स शिकवतो आणि रात्री पायथन शिकतो. इकडे लॅबमध्ये नवी बॅच आली आहे. मामांनी हँडल पुसून बाजूला ठेवलं आणि दारात घुटमळणाऱ्या पोराला हाक मारली, ‘काय रं, तुझं कुठलं त्याल?’