फिजिक्सचे सर, विज्ञानलेखक आणि गृहस्थ: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

अभिनंदन! तुमची नेमणूक कायम झाली आहे, एका दिवाळी अंकाने तुमचा कृष्णविवरांवरचा लेख छापला आहे आणि घरात तुम्हाला अजून जेवायला वाढतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी टिकवायच्या असतील, तर पुढच्या सूचना नीट वाचाव्यात.

लागणारं साहित्य: खडू, लाल पेन, एक कुटुंब. संपादकाचा फोन नंबर नसला तरी चालेल, त्यांच्याकडे तुमचा आहे. वेळ साहित्यात धरलेला नाही.

वेळेचा हिशेब आधीच उरकून घेऊ. यूजीसीच्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. हा आकडा नातेवाइकांना कधीही सांगू नये. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काका १६८मधून १६ वजा करतात आणि विचारतात, "मग बाकीचे १५२ तास करता काय?" यावर नॅकच्या फायली, पेपर तपासणी, प्रवेश समिती वगैरे सांगायला जाऊ नये. जिलेबी घ्यावी.

पायरी पहिली: वर्ग

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बार पेंड्युलमचा प्रयोग असतो. दांडी वेगवेगळ्या ठिकाणी टांगायची, झोके मोजायचे, आलेख काढायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे g, काढायचं. आता तुम्ही पुण्यातल्या कॉलेजात आहात असं समजा आणि जर्नलं तपासायला बसा. पहिल्या जर्नलात उत्तर ९८१ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. दुसऱ्यात ९८१. तिसऱ्यात ९८०.९, कारण हा मुलगा हुशार आहे.

रागावू नये. पुण्यात प्रामाणिकपणे मोजलं तर उत्तर ९७८च्या आसपास यायला हवं. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे, म्हणजे तिथली जमीन केंद्रापासून जरा लांब. शिवाय पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणामही तिथेच सर्वांत जास्त. त्यामुळे g विषुववृत्तावर सगळ्यात कमी असतं आणि ध्रुवांकडे जावं तसं वाढत जातं. पुस्तकात छापलेला ९८०.६६५ हा आकडा साधारण ४५ अंश अक्षांशाला शोभणारा, प्रमाण म्हणून ठरवून घेतलेला. पुणे आहे साडेअठरा अंशांवर, त्यातून समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. थोडक्यात, तुमच्या अख्ख्या बॅचने पुण्यात बसून पॅरिसचं गुरुत्वाकर्षण मोजलं आहे.

लाल पेन खाली ठेवावं. हा लेख आहे.

मात्र क्रम चुकवू नये. आधी वर्गात सांगायचं, मग संपादकांना. उलट केलंत तर मुलांना ते मासिकातून कळतं, आणि मासिक मुलं वाचत नाहीत. लेखात कुणाचं नाव घालू नये. पुढच्या वर्षीच्या बॅचने तुमचा लेख वाचून, लंबकाला हातही न लावता, सरळ ९७८ लिहायला सुरुवात केली, तर त्याला विज्ञानप्रसार म्हणावं.

पायरी दुसरी: लेख

स्टीफन हॉकिंग यांना सांगण्यात आलं होतं की पुस्तकातल्या दर समीकरणागणिक खप निम्मा होईल. त्यांनी एकच ठेवलं, आइनस्टाइनचं. मराठी लेखकाला ही चिंता नाही, निम्मा व्हायला आधी खप लागतो. समीकरण तरीही टाळावं, कारण ते जुळवणीत हमखास उलटंपालटं होतं.

बढतीच्या फायलीत मराठी लेखाला शोधनिबंधापुढे जवळपास काहीच वजन नसतं. मला हे चूक वाटतं. बारा जणांनी वाचलेल्या निबंधाला गुण मिळावेत आणि कळमनुरीच्या मुलाला गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो कळावं म्हणून लिहिलेल्या लेखाला मिळू नयेत, तेही त्याच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगोची वेधशाळा उभी राहणार असताना! पण हे मत स्टाफरूममध्ये मांडू नये.

लेख छापून आला की शेजारचे आजोबा नातवाची पत्रिका घेऊन येतील, कारण तुम्ही 'ग्रहताऱ्यांचे' आहात. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून ४० पत्रिका ओळखण्यासाठी प्रत्येक ज्योतिष्याला दिल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर बरं. हा निष्कर्ष मेहुण्याच्या साखरपुड्यात सांगू नये. सांगायचाच तर जेवणं झाल्यावर.

पायरी तिसरी: घर

घरातली मुलं प्रश्न विचारतात. दिवसा चंद्र का दिसतो, वगैरे. मुलीला गृहपाठाच्या वहीत दोन ओळी हव्या असतात. तुम्ही टेबल लॅम्प, संत्रं आणि लिंबू मांडून पाऊण तास घेता, आणि तेच पुढच्या महिन्यात "परवा माझ्या मुलीने विचारलं" अशी सुरुवात करून छापून आणता. असं दोनदा झालं की मुलगी आईला विचारते. आई दोन ओळींत सांगते.

या टप्प्यावर नवशिके विचारतात की मोठ्या माणसांनी हे कसं जमवलं. तर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा उतरवून काढली होती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. ही गोष्ट सगळे नारळीकरांच्या खिलाडूपणासाठी सांगतात, आणि तो होताच. पण उतरवून काढणारी बाई स्वतः गणितज्ञ होती. तीन मुली, घर आणि चांगलं अवघड संख्या सिद्धांताचं काम सांभाळून त्या १९८१ साली पीएच.डी. झाल्या, आणि पुढे गणित सोपं करून सांगणारी पुस्तकंही त्यांनी लिहिली. 'तारेवरची कसरत कशी केलीत' हा प्रश्न विचारताना कुठल्या खुर्चीकडे बघायचं, ते यावरून ठरवावं.

साहित्याच्या यादीत 'एक कुटुंब' लाल पेनाच्या शेजारी लिहिलं होतं. ते खोडावं.

वाचणाऱ्या प्राध्यापक बाई असतील, तर त्यांना ही मार्गदर्शिका निरुपयोगी आहे. त्या हे सगळं आधीपासून करतात आणि डबाही भरतात.

नेहमीच्या अडचणी

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तीन शाळांची निमंत्रणं एकाच वेळेला आली: पहिल्यांदा फोन करणाऱ्या शाळेत जावं. दोन शाली कमी मिळतील, घरात जागा नाहीच.

कुकर तीन शिट्ट्यांनंतरही मोठ्या आचेवर आहे: आतलं तापमान दाबावर ठरतं, साधारण १२० अंशांच्या वर ते जात नाही, गॅस मात्र वाया जातो, हे सगळं समजावत उभं राहू नये. बटण फिरवावं.

मुलीने अकरावीला कॉमर्स घ्यायचं ठरवलं: उपाय नाही. फॉर्मची शेवटची तारीख तेवढी विचारून ठेवावी, तीही तुम्हाला माहीत नसणार.